गाडीला संशय आलाय

जुन्या गाडीच्या मीटरमध्ये एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, पिवळा दिवा लागला की लोकांची सरळ दोन टोकं होतात. काहीजण घाबरतात, ब्रेक गेले बहुतेक म्हणून गाडी कडेला घेतात आणि फोनाफोनी सुरू करतात. काहीजण पॅडल दाबून बघतात, गाडी थांबतेय ना, मग राहू दे म्हणतात, आणि तो दिवा पुढे वर्षभर तसाच जळत राहतो, इतका की एखाद्या दिवशी विझला तर उलट दचकायला होईल. या दोघांत दुसऱ्याचा अंदाज खऱ्याच्या जास्त जवळ जातो, पण तो नुसता अंदाजच, दिवा काय सांगतोय ते त्यानेही ऐकलेलं नसतं.

दिवा सांगतो ते एवढंच असतं: माझ्याकडे येणारी माहिती मला पटत नाहीये, म्हणून मी बाजूला होतोय, आता ब्रेक तुमचे तुम्ही सांभाळा. एबीएसचा कंप्युटर दिवसभर चार चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघत असतो, आणि एका चाकाची नोंद बाकीच्या तिघांशी जुळेना की हिशोब लागत नाही तोवर सही न करणाऱ्या जुन्या मुनीमासारखा तो पेन खाली ठेवतो. साधे ब्रेक तसेच राहतात, पॅडल, ऑइल, पॅड, डिस्क सगळं जसंच्या तसं. जातं ते एवढंच, की जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊन घसरायला लागलं तर त्याला सोडवणारं कोणी नाही. म्हणजे ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लागला तर पुढची चाकं जाम होणार आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. एबीएसचं खरं काम हे वळता येण्याचं आहे, अंतर कमी करण्याचं नाही. खडीवर किंवा भुसभुशीत जागी तर एबीएसवाली गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते.

पण पिवळ्याच्या सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर वरचं सगळं विसरा. हँडब्रेक ओढलेला नाही ना बघा, डब्यातलं ब्रेक ऑइल बघा, आणि हे दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचं बळ वाटून देणारी सिस्टिम, म्हणजे ईबीडी, तीही बंद झालेली असू शकते. तेव्हा जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, उचलून न्यावी.

हे शहाणपण गाड्यांत आलं कुठून ते मला नेहमी गमतीचं वाटतं, कारण आलं ते विमानांतून. डनलॉपचं मॅक्सरेट नावाचं यंत्र १९५०च्या दशकात विमानांच्या चाकांवर बसत होतं, पूर्ण मेकॅनिकल, कंप्युटर वगैरे काही नाही. तेच १९६६ साली जेन्सन एफएफ या गाडीत आलं, पण महागडं आणि किचकट, त्यामुळे फार पसरलं नाही. आज आपण ज्याला एबीएस म्हणतो ते बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं, आणि फरक पडला तो डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समुळे. मॅक्सरेटला स्वतःवर संशय घेता येत नव्हता. बिघडलं तर बिघडलं, चालवणाऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला. नव्या सिस्टिमने चाक सोडवायला शिकण्याबरोबर आपलंच नीट चाललंय का हे तपासायलाही शिकून घेतलं, आणि तो पिवळा दिवा या दुसऱ्या शिकण्याची खूण आहे.

आता दिवा लागलाय, तर शोधायचं कसं. लोक इथे लगेच स्कॅनरकडे, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राकडे, धावतात. मी म्हणतो आधी दिवा कधी लागतो ते बघा, कारण त्याची वेळ कधीकधी कोडपेक्षा जास्त बोलते. चावी फिरवली की तो लागणारच, ती त्याची हजेरी आहे, दोन-चार सेकंदांत जायला हवा. गेलाच नाही तर बिघाड उभ्या गाडीलाही कळतोय, म्हणजे वायर तुटलेली, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची कॉइल गेलेली, फ्यूज उडालेला किंवा खुद्द मॉड्युल, म्हणजे एबीएसचा कंप्युटर, आजारी. आणि विझला, गाडी निघाली आणि दहा-वीसच्या स्पीडला परत लागला, तर वायर बहुतेक जोडलेली आहे पण चाक फिरताना जो सिग्नल यायला हवा तो येत नाहीये किंवा अर्धवट येतोय. स्टार्टर मारतानाच लागत असेल तर आधी बॅटरी बघा, जुनी बॅटरी स्टार्टला इतकी खाली जाते की मॉड्युल पुरेसं व्होल्टेज नाही म्हणून सरळ हात वर करतं, आणि इकडे माणूस चारही चाकांचे सेन्सर बदलून बसलेला असतो. फक्त वळणावर लागत असेल तर वायर. पावसात लागतो आणि कोरडं झालं की जातो तर कनेक्टरमध्ये पाणी. आणि दिवा लागलाय त्याच दिवसांत मागचे ब्रेकलाईट लागत नाहीयेत असं कोणी सांगितलं तर पॅडलवरचा स्विच, कारण पाय ब्रेकवर आहे की नाही हे एबीएसला बऱ्याच गाड्यांत त्या स्विचकडूनच कळतं.

हे सगळं फुकटात कळतं. जमिनीवर बसायचीही गरज नाही.

मग कोड. साधा स्वस्तातला स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतो, तो लावून "काही फॉल्ट नाही" असं दिसलं म्हणून निश्चिंत झालेले लोक खूप आहेत. एबीएसचे कोड वेगळे, सी अक्षराने सुरू होणारे, ते वाचणारा स्कॅनर हवा. सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, ००४० पुढचं उजवं, ००४५ मागचं डावं, ००५० मागचं उजवं, बाकी कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोड असतातच. डावं-उजवं नेहमी सीटवर बसून, पुढे तोंड करून. बॉनेटसमोर उभं राहून डावं ठरवलेल्या चाकावर अख्खी दुपार घालवणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आणि फारच जुनी गाडी असेल, १९९०च्या दशकातली, तर अनेकदा स्कॅनर लागतच नाही, डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या ठराविक दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि तोच दिवा उघडझाप करून कोड सांगतो, दोनदा लुकलुकला, थांबला, एकदा लुकलुकला, झाला एकवीस. पिना कोणत्या ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच, अंदाजाने वायर खुपसायची नाही, भलत्या दोन पिना जोडल्या तर दुरुस्ती करायला आणखी एक गोष्ट तयार होते.

कोड आला की पुढच्या तासाभरात नवा सेन्सर विकत आणायचा मोह होतो आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. कोड म्हणतो "पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट". सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, मधले कनेक्टर, समोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग (सेन्सर तिचेच दाते मोजतो), बेअरिंग, आणि मॉड्युलमधली त्या चाकाची बाजू, एवढं सगळं. या सगळ्यात डब्यात पॅक होऊन मिळतो तो सेन्सर, म्हणून बदलला जातो सेन्सर. कधी दिवा जातो सुद्धा, कारण बदलताना कनेक्टर काढून परत घट्ट बसला, आणि मग महिनाभराने परत लागला की "डुप्लिकेट सेन्सर दिला हो त्याने" म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे.

त्यापेक्षा चाक काढा. गाडी जॅकवर नुसती ठेवून तिच्याखाली हात घालू नका, स्टँड लावा, याला पर्याय नाही. डिस्कच्या मागे नकलमध्ये, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या जाड तुकड्यात, बोटाच्या पेराएवढा सेन्सर दिसेल, एका बोल्टने धरलेला, त्यातून वायर निघून शॉकअपवर क्लिपने बांधत आत गेलेली. आधी ती वायर बोटांनी चाचपत जा. स्टिअरिंग पूर्ण एकीकडे, मग पूर्ण दुसरीकडे. वायर वर्षानुवर्षं एकाच जागी वाकते आणि तिथे वरचं रबर शाबूत पण आतली तांब्याची तार तुटलेली अशी असते, ती जागा बोटाला मऊ लागते, दाबली की नको तितकी वाकते. क्लिप तुटलेली असेल तर वायर टायरला किंवा शाफ्टला घासून चकचकीत झालेली दिसेल. मल्टीमीटर लावून वायर हलवत राहा, आकडा उडाला की सापडलं.

सेन्सर बाहेर काढणं हे मात्र संयमाचं काम. तो ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भोकात बसलेला असतो आणि गंजाने असा आवळलेला असतो की पान्याने बोल्ट निघतो पण सेन्सर जागचा हलत नाही. गंज सोडवणारं तेल मारायचं, थांबायचं, दोन्ही दिशांना थोडं थोडं फिरवायचं, परत तेल. वरून हातोडी मारली की प्लास्टिकचं डोकं हातात आणि धड भोकात. निघाला की त्याचं टोक बघा. चुंबक असल्यामुळे ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा कीस टोकाला दाट उभा राहिलेला असतो, काळपट, तेलकट, बोटाने पुसला तरी परत चिकटणारा. तो फडक्याने काढा. आणि भोकाच्या बाहेर जिथे सेन्सरची पाकळी टेकते ती जागा बघा, तिथे गंजाचा थर चढला असेल तर त्याने सेन्सरला उचलून रिंगपासून दूर केलेलं असतं. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर साधारण मिलीमीटरभर असतं, त्यात गंजाने अर्धा मिलीमीटर जास्तीचा घातला की कमी स्पीडला सिग्नल इतका बारीक होतो की कंप्युटरला तो ऐकूच येत नाही. सेन्सर चांगला, वायर चांगली, आणि दिवा लागलेला. पॉलिश पेपरने ती जागा साफ करून तोच सेन्सर परत बसवला की बऱ्याचदा काम होतं.

मीटरने तपासायचं तर आधी सेन्सर कोणत्या जातीचा ते माहीत पाहिजे. जुना प्रकार म्हणजे चुंबक आणि त्याभोवती कॉइल, समोरून दाते गेले की स्वतःच थोडी एसी वीज तयार करतो. याचा रेझिस्टन्स मोजता येतो, बऱ्याच गाड्यांत हजार-दोन हजार ओहमच्या आसपास, पण आकडा पाठ करण्यापेक्षा डाव्याचा उजव्याशी ताडून बघणं जास्त कामाचं, कारण दोन्ही एकाच वेळी सारखेच बिघडायची शक्यता कमी. एसी व्होल्टवर मीटर ठेवून चाक हाताने फिरवलं तर व्होल्टचा एखादा दशांश तरी दिसायला हवा, जोरात फिरवलं की वाढायला हवा. नंतरच्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर आले, त्यांना मॉड्युल सप्लाय देतं आणि त्यांचा करंट साधारण ७ आणि १४ मिलीॲंप अशा दोन पातळ्यांत वर-खाली होतो. यांना ओहममध्ये मोजून काही कळत नाही, "रेझिस्टन्स अनंत दाखवतोय, म्हणजे गेला" म्हणून चांगले सेन्सर फेकले जातात ते या जातीचे. तिथे सप्लाय येतोय का बघायचा आणि पुढचं स्कॅनरवर.

या ॲक्टिव्ह प्रकारात आणखी एक गंमत आहे. बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंग नसतेच, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे बारीक पट्टे भरलेले असतात आणि सेन्सर ते वाचतो. दोन्ही बाजूंची सील दिसायला जवळजवळ सारखी. बेअरिंग उलटं दाबलं गेलं तर चाक मस्त फिरतं, आवाज नाही, खेळ नाही, फक्त एबीएसचा दिवा. आणि बेअरिंग नवीन टाकलंय म्हणून त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही. नवीन बेअरिंग टाकल्यानंतर दिवा लागला असेल तर मी तरी सगळ्यात आधी तिथेच बघेन. पट्टे दाखवणारं एक कार्ड मिळतं, सीलवर ठेवलं की रेघा उमटतात, नाही उमटल्या तर ती बाजू चुकीची.

आता मला जे खरं सांगायचंय ते. दिवा लागलेली गाडी माझ्या मते तेवढी भीतीदायक नाही, तिने कबूल केलंय. भीती वाटते ती दिवा न लागलेल्या एका बिघाडाची.

तक्रार अशी येते: गाडी हळू होत होत सिग्नलला थांबायला आली, शेवटचे चार-पाच मीटर राहिले, आणि पॅडल पायाखाली गुर्रर्र करून थरथरलं आणि गाडी थोडी पुढे सरकली. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, घसरायचा प्रश्नच नाही. दिवा? नाही लागला. कोड? काही नाही. मग चालवणाऱ्यालाच ऐकावं लागतं, तुझा भास असेल, खड्डा असेल, डिस्क वाकडी असेल.

यात बहुतेकदा दोषी असते ती रिंग. ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटवर ती ठोकून बसवलेली असते, घट्ट. वर्षं जातात, रिंगच्या खाली गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून फुगतो आणि एक दिवस रिंगला आडवी चीर पडते. चीर केसाएवढी असते, चिखल-ग्रीसमध्ये दिसत सुद्धा नाही. पण त्या जागी दोन दात्यांमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त झालेलं असतं. आता कंप्युटरच्या बाजूने बघा. रिंगला ४८ दाते आहेत आणि चाकाचा घेर १.९ मीटर आहे असं धरलं, तर ताशी ५० किलोमीटरला सेकंदाला साडेतीनशे पल्स येतात, त्यात एखादा उशिरा आला तर सरासरीत बुडून जातो. ताशी ५ला येतात जेमतेम पस्तीस. तिथे एक पल्स उशिरा आला तर त्याला वाटतं हे चाक अचानक मंदावलं, जाम होतंय, सोडवा. आणि तो प्रामाणिकपणे त्या चाकाचा ब्रेक सोडतो. सिग्नल तुटलेला नाही, गायब नाही, येतोय, फक्त खोटा येतोय, आणि खोटा सिग्नल पुरेसा खऱ्यासारखा असला की संशय येत नाही. संशय नाही म्हणून दिवा नाही.

हे शोधायचं तर चिखल ब्रशने साफ करा, शाफ्ट हाताने सावकाश फिरवा, प्रत्येक दाता बघत पूर्ण एक फेरा. घाई केली की चीर सुटते, कारण ती बऱ्याचदा दोन दात्यांच्या मधल्या खोबणीत असते. स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटावर चारही चाकांचे वेग एकाशेजारी एक लावा, दुसऱ्या कोणाला तरी गाडी मोकळ्या जागेत हळू चालवायला सांगा आणि तुम्ही आकडे बघा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. तीन चाकं ७, ६, ५ करत शहाण्यासारखी उतरतील, चौथं मध्येच ४ दाखवून परत ६वर उडेल. ते चाक. नुसती रिंग बऱ्याच गाड्यांसाठी वेगळी मिळते, अख्खा शाफ्ट बदलायची गरज नसते, जुनी काढून खालचा गंज नीट खरवडून मगच नवी बसवायची, नाहीतर थोड्या वर्षांनी तीही फुटणार.

रिंग मिळेपर्यंत एबीएसचा फ्यूज काढून ठेवू का, असं लोक विचारतात. मला यात तत्त्वतः वावगं वाटत नाही, कारण मग दिवा लागतो आणि गाडी निदान खरं बोलते. पण बऱ्याच गाड्यांत फ्यूजबरोबर ईबीडी पण जातं, लाल दिवा लागतो, आणि मागच्या चाकांचं मी वर लिहिलंय. म्हणून स्वतःच्या मनाने फ्यूज उपटण्याआधी त्या मॉडेलचं माहीत असलेल्या माणसाला विचारा, आणि तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

मॉड्युल हा शेवटचा संशयित ठेवायचा, पहिला नाही. तो बिघडतो, नाही असं नाही, इंजिनाशेजारच्या उष्णतेत वर्षं काढल्यावर आतल्या सोल्डरला, जोडाला तडे जातात, थंड असताना ठीक आणि तापल्यावर दिवा असं होतं. असं मॉड्युल उघडून दुरुस्त करणारे लोक आहेत आणि कित्येक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकपासून, म्हणजे ब्रेक ऑइलचे व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्यापासून, वेगळा निघतो, ब्रेकच्या पाइपला हात न लावता. पण त्याआधी पंपाचा फ्यूज, रिले, आणि मॉड्युलची अर्थिंग बघा, बॉडीला जिथे काळी वायर बोल्टने धरलीय तो बोल्ट गंजलेला असतो आणि त्याच्यामुळे सगळं बिल मॉड्युलवर फाटणार असतं. ब्लॉकच बदलायची वेळ आली तर नंतर आत अडकलेली हवा काढायला स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, ते न करता नुसतं पॅडल मारून काढलेल्या हवेवर विश्वास ठेवू नका. आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलत जा हो. ते हवेतली आर्द्रता पितं, डॉट ४ प्रकारचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी पिऊन झाल्यावर तीच मर्यादा १५५वर येते, आणि ते पाणी व्हॉल्व्हच्या बारीक भोकांत गंज करतं ते वेगळंच.

एक शेवटचं, जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी. एबीएसचा दिवा विझलेला दिसला म्हणून खूश होऊ नका, चावी फिरवल्यावर तो लागतो का ते बघा. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा मागून पट्टी चिकटवलीय. आणखी हुशार लोक त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे चावीला दोन्ही लागतात आणि इंजिन सुरू झालं की दोन्ही बरोबर एकाच क्षणी विझतात. तेव्हा इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून थांबा. एबीएसचा दिवा आपली तपासणी संपवून एकटा विझायला हवा, आणि ऑइलचा इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहायला हवा. मग मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून चाळीसच्या आसपास एकदा कचकन ब्रेक मारा. पॅडल पायाखाली थरथरलं तर एबीएस जिवंत आहे. टायर किंचाळत नुसते घासत गेले आणि मीटरमध्ये काहीच दिवा नाही, तर भावाची बोलणी थांबवून आधी मीटर उघडायला सांगा.